पत्र्याच्या शेडात गारवा

(दुधनी, ता. अक्कलकोट येथील बैठकीतील भाषण)



एप्रिल-मे आला की आपल्या बोअरची मोटार जळते आणि ती भरून घ्यायला आपण दुधनीत येतो. नांगराचा फाळ, ट्रॉलीचा हुक, पाभरीचे फण, सारे याच दिवसांत. मृगाच्या आत सगळे तयार हवे असते. आणि नेमका याच दिवसांत गॅरेजवाला पोरगा दुपारी बारा ते चार शेड बंद ठेवतो. तो आळशी नाही. बाहेर ४२ अंश असतात आणि तापलेल्या पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे उभे राहिले तर माणूस भोवळ येऊन पडेल. हा पोरगा बहुधा आपल्याच घरचा असतो, कोरडवाहूत भागेना म्हणून पान्हे हातात घेतलेला. तेव्हा त्याच्या शेडातला उन्हाळा हा आपलाही प्रश्न आहे.

कूलरच्या आधी पत्र्याकडे बघा. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्या. त्यावर वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा मांडव घाला. कडबा घालू नका, तो जनावरांच्या तोंडचा घास आहे. तुराट्या आणि पऱ्हाट्या आपण चुलीतच घालतो, चार महिने त्या सावली देतील. मात्र वेल्डिंगची ठिणगी तिथवर उडणार नाही एवढे बघा. गरम हवा वर चढते, म्हणून आढ्याजवळ तिला वाट ठेवा. एवढ्यानेच निम्मे काम होते असे आमचे मत आहे.

आता कूलर. यात नवी विद्या काही नाही. माठ आणि बैलगाडीला टांगलेली छागळ ज्या कारणाने गार होते, तेच कारण. एक लिटर पाणी वाळताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता ओढून घेते. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कोरड्या मुलखात १९३० च्या दशकात लोक लाकडी खोके, लाकडाचा भुगा नव्हे तर कुरळी सालपटे, आणि पंखा एवढ्यावर घरीच कूलर करत.

आपल्याला निळा प्लॅस्टिकचा पिंप पुरे. त्यात औषध आलेले नसावे. कपाशीवरच्या फवारणीच्या औषधाचा पिंप कितीही धुतला तरी घेऊ नका, दिवसभर तीच हवा छातीत जाईल. डिझेलचा लोखंडी पिंप गॅसने कापायला जाऊ नका. आत राहिलेली वाफ पेटून स्फोट होतो. तळाचा वीतभर भाग पाण्यासाठी सोडून तीन बाजूंना खिडक्या कापा. प्रत्येकीत दोन जाळ्यांच्या मध्ये दोन इंच जाड वुडवूल, वाळा किंवा पिंजलेला काथ्या भरा. चौथ्या बाजूला पंखा, तोंड शेडाच्या आत. तळाशी कूलरचा छोटा पंप ठेवा आणि वर भोके पाडलेली नळी गोल फिरवा. पाणी सगळीकडे सारखे झिरपले पाहिजे. कोरडा राहिलेला पट्टा गरम हवा सरळ आत घेतो.

हा पिंप शेडाच्या आत ठेवणारे बरेच आहेत. मग तीच ओली हवा फिरत राहते, घाम वाळत नाही आणि दोष कूलरला मिळतो. पिंप खिडकीबाहेर सावलीत ठेवा आणि समोरचे दार उघडे ठेवा. हवेत ओल २० टक्के असेल तर बाहेरच्या ४२ अंशांतून ३० ते ३२ अंशांची हवा मिळते.

विजेचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. कूलरचा शॉक बसून दर उन्हाळ्यात माणसे जातात. अर्थिंग हवेच, गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवा, आणि पाणी भरताना प्लग काढलेला हवा. वेल्डिंग करतो त्या जागी जमीन ओली होऊ देऊ नका. ठिणग्या कोरड्या गवतावर उडतील अशा जागी तोंड करू नका.

पाण्याचे काय, असे टँकरच्या गावातले लोक विचारतील. रास्त आहे. तासाला पाच-सहा लिटर, म्हणजे आठ तासांना चाळीस-पन्नास लिटर. उन्हाळ्यात एक बैल जवळपास एवढे पितो. ज्या गावात पिण्याचे पाणी मोजून मिळते तिथे चुना आणि मांडवावरच भागवावे असे आम्ही स्पष्ट सांगतो. पिण्याला न चालणारे मचूळ पाणी असेल तर ते खुशाल वापरा. क्षार धरून गवत पांढरे होईल, ते बदलावे लागेल. आठवड्यातून एकदा पिंप उपसून कोरडा करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच तयार होतील.

पंखा आणि पंप मिळून शंभर-दीडशे वॅट घेतात, म्हणजे वीज गेली तरी इन्व्हर्टरवर चालते. मृगाचा पाऊस लागला की हवा ओली होते आणि कूलर तीन-चार अंशांपलीकडे काही करत नाही. तेव्हा पंप बंद करा, जाळ्या उन्हात वाळवून उचलून ठेवा आणि पंखा भिंतीवर लावा.