निदानानंतरचे जगणे

(नाशिक येथे कर्करुग्णांच्या कुटुंबीयांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझ्या वडिलांना घशाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले, तेव्हा घरात एकमताने ठरले, 'अण्णांना कळू द्यायचे नाही.' सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, परळच्या टाटा रुग्णालयातील तपासणी आटोपून रात्री नाशिकला परतायचे आणि विचारलेच तर 'साधी गाठ आहे' असे सांगायचे. महिनाभराने एके रात्री अण्णा म्हणाले, "अरे, जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. रुग्णालयाची पाटी मला वाचता येणार नाही का?"

महिनाभर ते सर्व जाणून होते आणि आमच्यासाठी गप्प होते. त्या रात्री आम्ही मोकळेपणाने बोललो. आजार तोच राहिला. पण अण्णांचा एकटेपणा सरला.

रोगावर इलाज हे उपचारांचे एक अंग. वेदना, मळमळ, निद्रानाश, भीती यांचे निवारण हे दुसरे. त्यालाच उपशामक उपचार म्हणतात. डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स ही संस्था सुरू करून या विचाराला आधुनिक रूप दिले. आपल्याकडे वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ साली, तर पुण्यातील वारजे येथील सिप्लाचे केंद्र १९९७ साली सुरू झाले.

'सारे उपाय थकल्यावरच हे उपचार घ्यायचे,' हा आपला समज मात्र चुकीचा आहे. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा अमेरिकेतील एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर प्रारंभापासून उपशामक उपचार घेतलेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, नैराश्य कमी राहिले. शिवाय त्यांचा मध्यक जीवनकाल ११.६ महिने होता, तर इतरांचा ८.९.

दुसरी भीती मॉर्फिनची. 'व्यसन लागेल' म्हणून घरचेच गोळी देत नाहीत आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. वैद्यकीय देखरेखीखाली, वेदनेच्या प्रमाणात दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. बद्धकोष्ठता होते, तिच्यासाठी डॉक्टर प्रारंभीच औषध देतात. हे औषध रुग्णांना सुलभतेने मिळावे म्हणून २०१४ साली कायद्यातही दुरुस्ती झाली. सोसत राहणे म्हणजे धैर्य, असे मानू नका.

आम्ही एक वही ठेवली. वेदना केव्हा उठते, किती टिकते, अन्न किती जाते, झोप किती लागते, हे तीत लिहीत असू. डॉक्टरांपुढे ती उघडली की पाच मिनिटांत नेमके बोलणे होई. आईला आठवड्यातून दोन दुपारी सक्तीची विश्रांती दिली; शुश्रूषा करणाराही माणूसच असतो.

आणि अण्णांना विचारले, "तुम्हाला काय हवे?" त्यांना संध्याकाळी गोदाघाटावर बसायचे होते. एवढेच! 'दगदग होईल' म्हणून आम्हीच ते बंद केले होते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांना घाटावर नेऊ लागलो.

घरी गेल्यावर आपल्या माणसाजवळ बसा आणि हाच प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.