यंत्राला दिलेला स्थायी आदेश



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की कामगार संघटनेच्या माणसाने डेटाबेस सर्व्हरच्या भानगडीत कशाला पडावे? उत्तर सोपे आहे. संघटनेची सभासदवही आता संगणकात गेली आहे. कोण कधी नोकरीला लागला, वर्गणी कुठवर भरली, कोणाच्या दाव्याची तारीख केव्हा, हे सारे तिच्यात असते. वीज जाऊन परत आली, संगणक सुरू झाला, पण वही उघडलीच नाही, तर दाराशी आलेल्या माणसाला काय सांगावयाचे? पतपेढी, वाचनालय वा शाळा चालविणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे.

उदाहरण घेऊ पोस्टग्रेसक्यूएल या सर्व्हरचे. १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कले येथे, प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली ‘पोस्टग्रेस’ या नावाने त्याचा आरंभ झाला. १९९६ साली त्याला आजचे नाव मिळाले. त्याचा सोर्स कोड कोणालाही फुकट मिळतो. लिनक्सच्या भांडारातले तयार पॅकेज घेतले, तर सर्व्हर सुरू करण्याची व्यवस्था त्याबरोबरच येते. दुसरी वाट सोर्स कोड आणून स्वतः बांधण्याची: आधी ‘कन्फिगर’, मग ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. हवी ती आवृत्ती आणि हव्या त्या सोयी मिळतात. परंतु प्रोग्राम ‘/यूएसआर/लोकल/पीजीएसक्यूएल’ येथे जाऊन बसतो, आणि त्याला रोज उठवावयाचे आहे हे संगणकाला कोणीच सांगितलेले नसते. ज्याने बांधला तो हाताने सुरू करतो. तो रजेवर गेला, की काम ठप्प!

१९४६ साली आपल्या देशात स्थायी आदेशांचा कायदा झाला. नोकरीच्या शर्ती कोणाच्या मर्जीवर वा आठवणीवर न राहता कागदावर याव्यात, हा त्यामागील विचार होता. यंत्राच्या बाबतीतही तोच विचार लागू करावयाचा आहे.

लिनक्स सुरू होताना गाभा जागा होतो आणि पहिला प्रोग्राम चालवितो. बहुतेक प्रचलित लिनक्समध्ये हा पहिला प्रोग्राम म्हणजे २०१० साली पुढे आलेला ‘सिस्टमडी’. इतर सेवांना उठविणारा मुकादम तोच. त्याच्यासाठी ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम’ या फोल्डरात दहापंधरा ओळींची साधी फाइल ठेवावयाची. तीत चार गोष्टी लिहावयाच्या: सर्व्हर कोणानंतर उठावा, कोणाच्या नावाने चालावा, प्रोग्राम व त्याची माहिती कोठे आहे, आणि संगणकाच्या कोणत्या टप्प्यावर तो हवा.

यातील दुसरी गोष्ट आम्हांला फार आवडते. सर्वाधिकारी ‘रूट’च्या नावाने चालण्यास पोस्टग्रेस साफ नकार देतो! त्याच्यासाठी मोजक्या अधिकारांचा वेगळा वापरकर्ता निर्माण करावा लागतो. कामापुरताच अधिकार हवा, हे तत्त्व आमच्या कित्येक पुढाऱ्यांनाही लागू पडेल.

फाइल लिहिली म्हणजे झाले असे नव्हे. ‘डीमन-रीलोड’ ही आज्ञा देऊन ती मुकादमाला वाचावयास लावावी लागते. पुढे दोन आज्ञांचा फरक ध्यानात ठेवावा: ‘स्टार्ट’ने सर्व्हर आज, आत्ता सुरू होतो, ‘एनेबल’ने तो पुढच्या प्रत्येक वेळी आपोआप उठेल अशी नोंद होते. पुष्कळ लोक पहिली देतात, सर्व्हर चालताना पाहतात आणि निश्चिंत होतात. पुढे कधीतरी रात्री वीज जाते, आणि सकाळी वही बंद!

आणखी एक बारकावा. वीज अचानक गेली, तर पोस्टग्रेस पुन्हा उठताना आपली रोजकीर्द वाचतो आणि अर्धवट राहिलेला हिशेब जुळवितो. याला कधी कधी वेळ लागतो. मुकादमाचा धीर मात्र साधारणपणे ९० सेकंदांचा. तेवढ्यात ‘तयार’ अशी खूण आली नाही, तर तो सर्व्हरला नापास ठरवून बंद करतो. म्हणून पोस्टग्रेसच्या अधिकृत पुस्तिकेतील नमुन्यात ही मुदत अमर्याद ठेवली आहे. ही खूण देण्याची सोयदेखील बांधतानाच ‘विथ-सिस्टमडी’ असे सांगून घालून घ्यावी लागते. प्रामाणिकपणे हिशेब जुळविणाऱ्याला वेळ द्यावा, हे कारखान्यातल्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

‘आपोआप’ या शब्दाची कामगाराला धास्ती वाटते, आणि ती अकारण नाही. परंतु या ठिकाणी कोणाची भाकरी जात नाही. जाते ती रात्री दोन वाजताची हाक. सर्व्हर उठविण्यासाठी ज्याला झोपेतून उठवितात, तोही कामगारच आहे, आणि ही हाक बहुधा हजेरीपुस्तकात चढत नाही, तिचा ओव्हरटाइमही मिळत नाही. दहा ओळींच्या लेखी आदेशाने ती टळत असेल, तर तो न लिहिणे हा आळस नव्हे, अन्याय आहे.

मात्र आपोआप उठणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. डिस्क बिघडली, तर ही फाइल काहीही करू शकत नाही. त्यासाठी माहितीची दुसरी प्रत वेगळ्या जागी हवी, आणि ती उघडून पाहिलेली हवी.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की आपल्या संस्थेचा संगणक एखाद्या रविवारी सर्वांसमक्ष, रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा. कोणी हात न लावता वही उघडली, तर उत्तम. न उघडली, तर त्या फाइलीत काय लिहावयाचे ते एकाने नव्हे, तिघांनी शिकून घ्यावे, आणि ती कागदावर छापून दप्तरात लावावी. माणसे बदलतात, दप्तर राहिले पाहिजे.