नॉमिनी म्हणजे वारस नव्हे



मुदत ठेवीच्या फॉर्मवर नॉमिनीचा एक रकाना असतो. तिथे बायकोचे किंवा थोरल्या मुलाचे नाव लिहायचे, सही करायची, पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. आपल्या माघारी घरच्यांची सोय झाली, असे माणसाला मनापासून वाटते. पण ती झालेली नसते.

‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर ऑगस्ट २०१३ मध्ये गेले. त्यांनी २०११ मध्येच मृत्युपत्र केले होते. त्यात नमूद केलेल्या मिळकतींखेरीज काही मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंड होते, त्यांना नॉमिनी लावलेले होते. फंडांवर ज्यांची नावे होती त्यांचे म्हणणे पडले की, ही रक्कम आता पूर्णपणे आमचीच. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, तिथून दिल्लीला. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल दिला, की नॉमिनेशनने मालकी मिळत नाही. मालमत्ता मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच जाते. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे आणि हक्कदारांना पोचते करायचे, एवढेच. ज्या माणसाने मृत्युपत्र लिहून ठेवले होते, त्याच्या घरातला हा प्रश्न सुटायला दहा वर्षे लागली. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. चार झाले तरी तत्त्व तेच.

फ्लॅटचे उदाहरण घ्या. चाळिशीतल्या हिंदू गृहस्थाने स्वकमाईने घर घेतले, सोसायटीच्या फॉर्मवर पत्नीचे नाव दिले आणि तो मृत्युपत्र न करता गेला. घर एकट्या पत्नीचे होत नाही. पत्नी, दोन मुले आणि हयात असलेली आई या चौघांचा त्यात सारखा, म्हणजे चौथा चौथा हिस्सा. मुले अज्ञान असतील तर त्यांचा हिस्सा विकायला न्यायालयाची परवानगी आणावी लागते. कर्जाचे हप्ते मात्र त्या परवानगीसाठी थांबत नाहीत.

मृत्युपत्र नसण्याची सर्वांत मोठी किंमत बायकांना मोजावी लागते, आणि त्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. २००९ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. लग्नानंतर तीन महिन्यांतच एका स्त्रीचा नवरा साप चावून गेला, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली, पैसे साठवले. १९९६ मध्ये ती वारली, मृत्युपत्र नव्हते. तिच्या आईने हक्क सांगितला. पैसा मिळाला नणंदेच्या मुलांना. कारण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार मूल आणि नवरा नसलेल्या स्त्रीच्या स्वकमाईवर आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क लागतो, आईवडील त्यानंतर येतात. हा कायदा अन्यायाचा आहे. पण तिने हयातीत एक कागद लिहिला असता, तर ते कलम आड आलेच नसते.

त्या कागदाला स्टँपपेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. साध्या कागदावर लिहून सही करावी, ती दोन साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत व्हावी आणि त्यांनीही लिहिणाऱ्यासमोर सही करावी. ज्यांना काही मिळणार आहे, त्यांना साक्षीदार करू नये. साक्षीदार लिहिणाऱ्यापेक्षा वयाने लहान असलेले चांगले, कारण पुढे न्यायालयात त्यांनाच उभे राहावे लागते. शेवटी ‘याखेरीज जे काही निघेल ते अमुक व्यक्तीला’ हे वाक्य हवेच. त्याच्या अभावी विसरलेल्या ठेवींवरून भावंडांची तोंडे फिरतात. गोव्यात मात्र हिशेब निराळा: तिथे मुले असतील तर माणसाला आपल्या निम्म्याच मिळकतीचे मृत्युपत्र करता येते.

आज घरी गेल्यावर कपाटातली ती पिशवी उघडा. प्रत्येक पावतीवर नॉमिनी कोण, हे पाहा आणि पत्नीला शेजारी बसवून तिच्याही मृत्युपत्राचा कागद आजच लिहायला घ्या.