शाळेच्या ओट्यावरची कोरफड



मे महिन्याची सुटी संपून शाळा उघडते, तेव्हा ओट्यावरच्या कुंड्यांत नुसत्या वाळक्या काड्या उभ्या असतात. हा अनुभव पुष्कळ गुरुजींना असेल. जिथे प्यायचे पाणीच लांबून आणायचे, तिथे फुलझाडांचे लाड कुणी करावेत? अशा शाळांनी कोरफड आणि पानफुटी लावावी, असे माझे सांगणे आहे.

या झाडांची पाने मांसल असून त्यांत पाण्याचा साठा असतो. शिवाय त्यांची एक रीत न्यारी आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची रंध्रे उघडून हवा घेतात, आणि त्याच वाटेने पाणी उडून जाते. ही झाडे ते काम रात्रीच्या गारव्यात उरकतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने पानात साठतो. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो, हे बेंजामिन हेन यांनी आपल्याच देशात पाहिले आणि १८१३ साली पत्राने कळवले. मुलांना मात्र हे पान चाखू देऊ नये. त्यात विषारी अंश असतो.

आता लागवड. पसरट कुंडी किंवा फुटके घमेले घ्या. तळाला भोक हवेच. त्यावर खापरी ठेवा. माती, जाड वाळू आणि विटांचा चुरा समभाग मिसळा. मध्ये कोरफडीचे पिल्लू लावा, भोवती पानफुटी. पानफुटीचे पान ओलसर मातीवर नुसते ठेवले, तरी कडेच्या खाचांतून रोपे फुटतात. वर्गाला दाखवायला याहून सोपा धडा कोणता? चिनी गुलाब रंगाला छान, पण त्याला पाणी अधिक लागते. म्हणून त्याची कुंडी वेगळी ठेवा. एका कुंडीत सारख्या तहानेची झाडे असावीत. शेर आणि निवडुंग शाळेत नकोतच. त्यांचा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते.

माझी पहिली कोरफड उन्हाने मेली नाही, मायेने मेली. मी रोज तांब्याभर पाणी घालत असे, मुळे कुजली. आता मी कुंडीत काडी खुपसून पाहतो. ती तळापर्यंत कोरडी निघाली, तरच पाणी देतो. पावसाळ्यात कुंडी वळचणीच्या धारेखाली ठेवू नका. सुटीला जाताना एकदा पाणी घाला आणि सावलीत सरकवा.

गुरुजी, जूनमध्ये मुले परत येतील, तेव्हा ओट्यावर काहीतरी हिरवे त्यांची वाट पाहत असावे, एवढीच इच्छा.