दुसऱ्या वर्षाचा दर

(स्विंडनमध्ये आपल्या लोकांच्या रविवारच्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं आवरून.)

मला असं उभं राहून बोलायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही डिचोलीचे. २०१८ मध्ये बाबांच्या पोर्तुगीज पासपोर्टमुळे इथे आलो, तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. बाबा वेअरहाऊसला. सप्टेंबर २०२४ मध्ये मी इंजिनीअरिंगच्या चार वर्षांच्या अप्रेंटिसशिपला लागलो. या गावाला शिकाऊ पोरं नवीन नाहीत. रेल्वेचा कारखाना इथे १८४३ ते १९८६ चालला, आता त्याच जागेत म्युझियम आहे.

पहिले तीन महिने फक्त कानस. पोलादाचा ठोकळा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचा. हाताला फोड आले. मी शिकवणाऱ्यांना ‘सर’ म्हणायचो, ते हसायचे. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. मग लेथवर घेतलं. आठवड्यातून एक दिवस कॉलेज, आणि त्या दिवसाचा पगारही मिळतो. मिळायलाच हवा, कारण ते शिकणंही कामाच्या तासांतच धरतात. कोणी तो दिवस कापत असेल तर ते चूक आहे.

आता मुद्द्याचं. अप्रेंटिसचा किमान दर तेव्हा तासाला ६.४० पौंड होता, एप्रिल २०२५ पासून ७.५५ झाला. पण हा कमी दर १९ पेक्षा लहान असलेल्यांना, नाहीतर पहिल्या वर्षापुरताच. माझं वर्ष सप्टेंबर २०२५ ला भरलं, वय २० होतं. म्हणजे १८ ते २० वयाचा दर, १० पौंड. स्लिपवर मात्र तेच ७.५५. तासाला २.४५ कमी, आठवड्याचे ३७ तास, म्हणजे ९० पौंड ६५ पेन्स.

मला हे कॉलेजातल्या एका मुलाने सांगितलं. घरी बोललो तर बाबा म्हणाले, “गप राहा, शिकाऊ माणसाने पैशाचं बोलायचं नसतं. काढून टाकतील.” बाबांची चूक नाही. त्यांनी आयटीआय करून गोव्यात फिटरची अप्रेंटिसशिप केली. आपल्याकडच्या १९६१ च्या कायद्यात अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, असंच लिहिलंय. स्टायपेंड घ्यायचा आणि मान खाली. इथे तसं नाही. इथे अप्रेंटिसशी नोकरीचा करार होतो, सुट्टी, आजारपण, किमान वेतन सगळं त्यात येतं. आणि किमान वेतन मागितलं म्हणून कामावरून काढणं बेकायदेशीर आहे.

तरी मी दोन आठवडे गप्पच बसलो. खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. मग एकासला फोन केला, ०३०० १२३ ११००. बाईंनी वय आणि सुरुवातीची तारीख विचारली, बास. त्यांच्या सांगण्यावरून ऑफिसला ईमेल केला. भांडण नाही, फक्त तारखा, तास आणि दर. ऑफिसमधून उत्तर आलं, “चार वर्षांची अप्रेंटिसशिप म्हणजे चार वर्षं अप्रेंटिसचाच दर.” त्यांना खरंच तसं वाटत होतं, असं मला वाटतं. मी सरकारी वेबसाइटवरचं पान जोडून पुन्हा पाठवलं. नोव्हेंबरच्या पगारात दहा आठवड्यांचे ९०६ पौंड ५० पेन्स आले. कोणी काढलं नाही. सुपरवायझर दोन दिवस कमी बोलला, एवढंच. आमच्यासोबतच्या आणखी दोघांचेही पैसे सुटले.

जानेवारीत मला २१ पूर्ण झाली, दर १२.२१ झाला. या वेळी स्लिप मी आधीच तपासून ठेवली होती.

विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मात्र अप्रेंटिसशिप करता येत नाही, एजंट काही सांगो. पैसे भरू नका. अप्रेंटिसकडून प्रशिक्षणाची फी घ्यायचीच नसते.

बाबा मागच्या रांगेत बसलेत. आज त्यांनी स्वतःच्या वेअरहाऊसच्या सहा महिन्यांच्या स्लिपा पिशवीत घालून आणल्यात. तुमच्याकडेही असतील तर चहाच्या वेळी टेबलावर या, मी कॅल्क्युलेटर आणलाय.