पांढरी पाटी, पिवळी पाटी



मला संगणकावर बोलायला सांगितलं होतं. पण काल शहाद्याहून येताना आपल्या स्टँडवर उभ्या असलेल्या इको आणि पिकअप बघितल्या आणि विषय बदलला. कंटाळा आला तर खुशाल मागच्या बाकावर गप्पा मारा, सर आता कुणाला उभं करणार नाहीत.

आपल्या वेळी शहाद्याला जायचं तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी. ती भरल्याशिवाय हलायची नाही. मग माझ्या काकांनी जुनी ओम्नी घेतली. मारुतीची ही व्हॅन 1984 ला आली आणि 2019 पर्यंत बनत होती. इंजिन 796 सीसीचं, म्हणजे गाडीच्या मानाने छोटंच. पण दार सरकतं आणि मागची सीट काढता येते. सकाळी कॉलेजची पोरं, दुपारी मिरचीची पोती नंदुरबारच्या बाजारात, लग्नसराईत वऱ्हाड. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली की लोक काकांचंच दार वाजवायचे. मी बारावीची परीक्षा त्याच गाडीतून जाऊन दिली. इथे बसलेले दोन सरही रोज पुढच्या सीटवर असायचे. पैसे द्यायचे, हे खरं.

गाडीची पाटी मात्र पांढरी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे घरची गाडी. पिवळी पाटी म्हणजे धंद्याची. तिला परमिट लागतं, ठरावीक मुदतीने फिटनेस करावं लागतं, विमाही महाग पडतो. शाळेची मुलं न्यायची तर 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे आणखी अटी. 2008 ला काकांनी कर्ज काढून नवी ओम्नी घेतली, तेव्हा एजंट म्हणाला, 'प्रायव्हेट पासिंग करा, कोण बघतं?' काकांचा हिशोब सोपा होता. गाडी घरची, शेतात जाते, आजारी माणसाला नेते, जमलं तर भाडं मारते. मग ती धंद्याची कशी?

2011 च्या महाशिवरात्रीला तोरणमाळच्या यात्रेचं भाडं होतं. घाटात गाडी दगडावर आदळली. देवाची कृपा, माणसं वाचली. गाडीचं तोंड पार चेपलं. विम्याचा माणूस चौकशीला आला, तेव्हा एका म्हाताऱ्या बाबांनी खरं तेच सांगितलं, सीटचे किती दिले ते. दावा नाकारला गेला. कारण एका ओळीचं: खासगी वाहन भाड्याने वापरले. दुरुस्तीला 85 हजार लागले. काकांनी दोन म्हशी विकल्या आणि बँकेचे हप्ते तरीही भरत राहिले. त्या बाबांना ते कधी काही बोलले नाहीत.

आता माझा भाग. मी पुण्यात विमा कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. दाव्याच्या फॉर्मवर 'वाहनाचा वापर' असा एक रकाना असतो. पर्याय दोनच, खासगी किंवा व्यावसायिक. पॉलिसीवर एक आणि चौकशीत दुसरं निघालं, की दावा लाल होतो. तो लाल करणारा कोड एका प्रकल्पात मी स्वतः लिहिलाय. लिहिताना काका आठवलेच नाहीत, हे आज कबूल करते.

2019 मध्ये त्याच कामात निकाल वाचताना कळलं, की 2010 सालीच सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितलं होतं: खासगी गाडी भाड्याने वापरली एवढ्याच कारणावर गाडीच्या नुकसानीचा दावा पूर्ण फेटाळू नये, तो 'नॉन-स्टँडर्ड' धरून काही भाग द्यावा. त्यात 75 टक्क्यांपर्यंत रक्कम देण्याची सोय आहे. म्हणजे काकांना बरेच पैसे मिळू शकले असते. ग्राहक मंचात जायला तेव्हा दोन वर्षांची मुदत होती. ती 2013 लाच संपली. घरात इंजिनिअर असून नकाराचं पत्र कुणी दुसऱ्यांदा वाचलं नाही. मीही नाही.

पण या निकालाच्या भरवशावर पांढरी पाटी चालवू नका. तो नुकसानीपुरता आहे. गाडीतला माणूस दगावला तर भरपाईचा बोजा मालकावर येऊ शकतो, आणि शेत त्यातच जातं.

आपल्या वर्गातल्या निदान सहा जणांच्या गाड्या या रस्त्यावर चालतात, मी काल विचारलं. जेवणानंतर मी त्या चिंचेखाली बसणार आहे. आरसी बुक आणि पॉलिसी घेऊन या. मोबाईलवरचा फोटोही चालेल.