‘डिसइंटरेस्टेड’ आणि ‘अनइंटरेस्टेड’



इंग्रजीतील ‘इंटरेस्ट’ या शब्दाने दोन बिऱ्हाडे थाटली आहेत. एका घरी त्याचा अर्थ गोडी, दुसऱ्या घरी हितसंबंध. (व्याज हा तिसरा अर्थ तूर्त बँकवाल्यांकडेच राहू द्या.) ज्याला गोडी नाही तो ‘अनइंटरेस्टेड’. ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो ‘डिसइंटरेस्टेड’. पहिला शब्द उणीव दाखवितो, दुसरा गुण. ‘मी डिसइंटरेस्टेड पंच आहे’ असे कोणी म्हटले तर ती त्याची पात्रता होय. पण ‘अनइंटरेस्टेड पंच’ म्हणजे सामना चालू असता जांभया देणारा!

न्यायाच्या कामी हा भेद किती मोलाचा आहे पाहा. इंग्लंडमध्ये ग्रँड जंक्शन कालवा कंपनीच्या एका दाव्यात लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांनी कंपनीच्या बाजूने हुकूम कायम केला. पुढे उघड झाले की, त्यांच्याकडे त्याच कंपनीचे भाग होते. त्यांनी दावा मन लावून ऐकला नाही, असे कोणाचे म्हणणे नव्हते. त्या भागांचा त्यांच्या मनावर तिळमात्र परिणाम झाला असेल, असेही कोणी मानले नाही. तरीसुद्धा १८५२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो हुकूम रद्द केला. ते अनइंटरेस्टेड खचितच नव्हते. परंतु कायद्याच्या दृष्टीने डिसइंटरेस्टेडही नव्हते.

तुमच्यापैकी ज्यांच्या कानावर घरी उर्दू पडते, त्यांना हा भेद लवकर उमगावा. ‘बेगरज’ म्हणजे डिसइंटरेस्टेड, ‘बेपर्वा’ म्हणजे जवळजवळ अनइंटरेस्टेड. मराठीत मात्र ‘गरज’ शब्दाने निकड हा अर्थ धरला, त्यामुळे ‘बेगरज’ आपल्याकडे रुळला नाही. ‘निःस्वार्थ’ वा ‘निःपक्षपाती’ म्हणावे लागते.

गंमत अशी की, सतराव्या शतकात हे दोन्ही इंग्रजी शब्द नेमक्या उलट अर्थानेही वापरलेले आढळतात. आजही इंग्रजी वर्तमानपत्रे कंटाळलेल्या माणसाला खुशाल ‘डिसइंटरेस्टेड’ म्हणतात आणि शब्दकोशांनी त्या वापराचीही नोंद घेतली आहे. तुम्ही उत्तरपत्रिकेत किंवा अर्जात मात्र दोन्ही वेगळेच ठेवा. नामाच्या बाबतीत तर घोटाळा फारच पुढे गेला आहे: ‘डिसइंटरेस्ट’ म्हटले की बहुतेकांना अनास्थाच कळते, आणि निःस्वार्थीपणासाठी ‘डिसइंटरेस्टेडनेस’ हे लांबलचक नाव घ्यावे लागते.